कुनीचा चार्ज

मी, मारोतराव धोंडबा रामटेके, वय वर्षे ६६, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधून निवृत्त, राहणार रिसाली, भिलाई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा तेवढा ठिकाणावर नाही, म्हणून परवा मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. "कावून जी, मोतीबिंदूनं कोणी मरते का?" असे माझी बायको शालू सकाळपासून चार वेळा म्हणाली. मरत नाही असे कोणी लिहून दिले आहे का? उलट दवाखान्याने माझ्याकडूनच सही घेतली.

शिक्षण सातवी, तेही अर्धी. पण चौतीस वर्षे शिफ्टचे रजिस्टर लिहिले आहे, तेव्हा लिहिण्यात काही राहून जाणार नाही.

कलम १. रिसालीचे घर शालू आहे तोवर शालूचे. तिच्यामागे अर्धे मुलगा राजदीप याचे, अर्धे कुनीचे. खिडकीची खोली कुनीच्या अर्ध्यात येईल. राजदीप पुण्यात राहतो, त्याला तिथे खिडक्या आहेत.

कलम २. कुनी कोण, ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी कोर्टात विचारले तर हाच कागद दाखवावा.

एप्रिल २०१७ मध्ये मी माझा साळा जानराव याला आणायला दुर्ग स्टेशनवर गेलो होतो. सकाळचे दहा. पुरीकडून येणारी गाडी लागली. जानराव रायपूरचे लग्न खाऊन उतरला, आणि त्याच्या पिशवीचा बंद धरून सहा-सात वर्षांची एक मुलगी उतरली.

मी म्हणालो, "ही कोणाची?"

"मले काय मालूम? रायपूरपासून माहा चिवडा खाऊन राहिली."

तिच्याबरोबर कोणी नव्हते. बोलायची उडिया, आम्हाला समजायची नाही; कुनी हे नाव तेवढे समजले. जानराव म्हणाला, "भाऊजी, सोडा न तिले इथंच. पोलिसाच्या लफड्यात कावून पडता?" हे वाक्य मी आठ वर्षे जपून ठेवले होते. आता मृत्युपत्रात नोंदवले, म्हणजे ते माझ्यामागेही राहील.

आमच्या कारखान्यात नियम असा, की रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो येतो, काय चालू, काय बिघडले ते ऐकतो, चार्ज घेतला म्हणून रजिस्टरवर सही करतो, मग आपण सुटतो. रिलीव्हर आला नाही तर डबल शिफ्ट. भट्टी कोणाच्या भरवशावर सोडून घरी जाता येत नाही. मग सहा वर्षांची मुलगी कशी सोडू?

रेल्वे पोलिसांचा शिपाई म्हणाला, "काका, आप जाइए, हम देख लेंगे." मी म्हणालो, पहले साइन. त्याने कपाळाला हात लावला, पण माझ्या प्लॅटफॉर्म तिकिटाच्या मागे सही केली. ते तिकीट कपाटात निळ्या डब्यात आहे. तरीही मी सुटलो नाही. बाल कल्याण समितीपुढे तिला नेले, तिथेही मागोमाग गेलो. जानराव ऑटोत बसून शिव्या देत होता.

समितीने तिला बालगृहात ठेवले. तिने गावाचे नाव सांगितले, त्या नावाची तीन गावे निघाली. तिन्हीकडे विचारणा झाली, पेपरात फोटो दिला, कोणी आले नाही. आम्ही दोघे दर रविवारी भेटायला जायचो. दोन वर्षांनी आम्ही तिला पालक म्हणून घरी ठेवण्याचा अर्ज केला. समितीच्या मॅडम घर पाहायला आल्या, तेव्हा मी घाबरून सगळे बिघाड आधीच सांगून टाकले: छत गळते, मी घोरतो, शालू रागावली की भांडी आपटते. "अजून गॅसची शेगडीही दाखवा न बिघडली म्हणून!" असे शालू ओरडली आणि भांडे आपटले. मॅडम हसल्या. आदेश आम्हा दोघांच्या नावे निघाला.

कलम ३. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी कुनी जेवली नाही. मग विचारले, "आजोबा, तुमाले काही झालं तं मले वापस संस्थेत पाठवतील का?"

हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. बाकीची कलमे नुसती भरती.

कलम ४. सदर कुनी मी राजदीपला देतो, त्याने न घेतल्यास... हे कलम मी स्वतः खोडले आहे. सिविक सेंटरला वकिलांना दाखवले, मग भीतीपोटी मॅडमनाही दाखवले. त्या म्हणाल्या, "काका, बच्ची टीवी-अलमारी नहीं है, जो किसी के नाम कर दोगे." मूल मृत्युपत्रात देता येत नाही. ते कोणाकडे राहील, हे समिती ठरवते, आणि मुलाला विचारून ठरवते. आदेशावर शालूचेही नाव आहे, म्हणून उगाच घाबरू नका, असे त्या तीनदा म्हणाल्या. मी आतापर्यंत दोनदा ऐकले आहे.

कलम ५. असे ठेवलेल्या मुलीला वारसाहक्क आपोआप मिळत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: बँकेतली ठेव कुनीच्या शिक्षणाला. ती अठरा वर्षांची होईपर्यंत ही ठेव राजदीपने सांभाळावी आणि सांभाळतो म्हणून उपकाराची भाषा करू नये. पान्ह्यांचा संच कुनीचा. घरातला कूलर तीच उघडते. राजदीपला पान्हा आणि चिमटा यातला फरक अजून समजत नाही. शिट्टी आणि बॅटरीही तिचीच.

कलम ६. जानराव याला माझे हेल्मेट देणार होतो. पण साक्षीदाराने वाटा घेऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्याला साक्षीदार केले आहे.

कलम ७. मुलगी माणसांना देता येत नाही. माणसे मुलीला देता येत नाहीत, असे मात्र कोणी म्हणाले नाही. म्हणून मी कुनीला पुढील माणसे देतो: शालू, भांड्यांसह. राजदीप, दर रविवारी फोनवर. आणि जानराव, जो आता सगळ्या रिसालीत "माह्याच मागं उतरली ती, मी तिचा मामा" म्हणत फिरतो आणि दर आठवड्याला पेरू आणतो. या तिघांनी समितीपुढे जाऊन सांगावे की आम्ही कुनीचे आहोत. मी विचारून ठेवले आहे. जानराव म्हणाला, "भाऊजी, हे विचारायची गोष्ट हाय का?" आणि नाक शिंकरले.

वरील सर्व वाचून, समजून, चष्मा लावून सही करतो. शिफ्टच्या सवयीने खाली चार्जचा रकाना आखला आहे. तो समितीने भरावा, दुसऱ्या कोणी हात लावू नये.

साक्षीदार १: जानराव (सही केली, पण कलम ६ मान्य नाही)
साक्षीदार २: सुगत, शेजारी, रेल्वेत नोकरी
ठिकाण: रिसाली, भिलाई
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

चार्ज देणारा: मा. धों. रामटेके

चार्ज घेणारा: रिलीव्हर आला नाही. नियमाप्रमाणे आजोबांनी डबल शिफ्ट करावी. – कुनी