वकिलाला जामीन कोण राहणार?

बाबा, आज तुमच्याशी भांडायचं नाही, तुमचं कौतुक करायचं आहे. तुम्ही होते तेव्हा ते कधी जमलं नाही. कोणी कौतुक सुरू केलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचे आणि म्हणायचे, "मुद्द्यावर या." तर मुद्द्यावर येते.

पुसदच्या कोर्टात तुमची वकिली चांगली चालायची, पण फुकटचा सल्ला तुम्ही एकच द्यायचे. मागितला नाही तरी द्यायचे. "पंगतीला जा, मयतीला जा, पण कोणाला जामीन जाऊ नका. दुसऱ्याच्या फासात आपली मान कायले द्यायची?" तुम्ही स्वतः सख्ख्या साडूला जामीन राहिले नाहीत, त्यावरून मावशीनं आईशी वर्षभर अबोला धरला होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका मात्र आईला सांगायच्या, तुमच्या ह्यांनी सांगितलं म्हणून आमचे हे वाचले बाई. साऱ्या तालुक्याला तुम्ही असं शहाणं करून सोडलं, आणि मग तुमच्याच लेकीला जामीनदार शोधायची पाळी आली.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. विलायतेत दातांची डॉक्टरकी शिकायला मला जागा मिळाली. मुंबईचा एक ट्रस्ट कर्ज द्यायला तयार होता, पण जामीनदार नात्यातला नको आणि त्याच्या नावावर शेती हवी, अशी अट होती. पोरीनं कर्ज बुडवलं तर त्याच्या शेतीवर टाच येणार. आपल्याकडे काय, भाड्याचं घर आणि कायद्याची जाडजूड पुस्तकं. पावसाळा संपायच्या आत जामिनाचा कागद गेला नाही तर जागा हातची जाणार होती.

पहिल्यांदा आपण जिनिंगवाल्या शेठकडे गेलो. जिच्यासाठी सही करायची ती पोरगी पाहू द्या, असं लोक म्हणतील, म्हणून तुम्ही मला सोबत घेतलं होतं. शेठनं चहा दिला, लाडू दिला, आणि हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्हीच तं सांगतलं होतं, जामीन राहू नका म्हणून. तवापासून मी भावालेही नाही राह्यलो." तुम्ही उठलात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालेला, आणि तुम्ही रस्त्यात काय म्हणालात? "मुद्दा बरोबर आहे त्यांचा." धन्य आहे बाबा तुमची!

बोरी अरबचा तुमचा शाळेतला दोस्त, ज्याच्या शेतीच्या साऱ्या केसेस तुम्ही लढलात, तो तर हसलाच. "दात काढाले विलायत कायले लागते? आमच्या बाजारात बसल्या जागी उपटून देते." मग गंभीर होऊन म्हणाला, "पोरीची जात हाय. तिकडंच लगन करून बसली तं मी कोठं शोधू तिले?" तुम्ही अर्धा चहा तसाच ठेवून निघालात. तुम्हाला अन्न टाकलेलं खपत नसे, चहासुद्धा. त्या अर्ध्या कपावरूनच मला कळलं की तुम्हाला किती लागलं आहे.

आणि मग तुम्ही तांड्यावर जायचं ठरवलं. बंजाऱ्यांच्या त्या तांड्याचा नायक तुमचा जुना पक्षकार. तांड्यातल्या एकाला विहिरीच्या कर्जासाठी जामीन राहू का, असं विचारायला तो पूर्वी आला होता. तुम्ही त्याला साफ नको म्हणालात आणि तो तिथून उठून थेट सही करून आला. "ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला?" म्हणून तुम्ही कितीतरी दिवस धुसफुसत होते. आता त्याच्याच दारी जायचं. आई म्हणाली, निरोप धाडा, पक्षकार आहे, तो येईल. तुम्ही म्हणालात, "गरज माझी आहे." काळा कोट चढवला आणि बैलांची दमणी जुंपायला सांगितली.

अजून दिसतं मला. नायकाच्या अंगणात आपण बाजेवर बसलो आहोत आणि वकील आला म्हणून अख्खा तांडा गोळा झाला आहे. नायकाची बायको, सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणतात, मी दातांची डॉक्टर होणार हे ऐकून सरळ माझ्यासमोर बसते आणि आ करते. "पाह्य वं बाई, मांगची दाढ लय ठणकते." मला दाढेतलं ओ की ठो कळत नाही, पण मी आपली मान हलवत पाहते. बायका खो खो हसतात. नायक मात्र तुमच्याकडे पाहून राहिला आहे. तुम्ही सगळं सांगता, अटी, टाच, काही लपवत नाही. तो विचारतो, "वकीलसायेब, मी आलतो तवा तुमी काय म्हणलं होतं?"

"जामीन राहू नका म्हणालो होतो."

"मंग?"

मान खाली घालून नाही, त्याच्या डोळ्यांत बघून तुम्ही म्हणालात, "चुकलो."

बाबा, कोर्टात तुम्ही हरायचे, पण चुकायचे नाहीत. घरात तर नाहीच नाही. आईनं उभ्या जन्मात तुमच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

नायक खदखदून हसला. "हे कचेरीत नोका म्हणू, वकिली बसन तुमची." मग म्हणाला, "आमचे बुढे बैलावर लोकाईचा माल वाहत. मीठ, धान्य. सेठ लादून देये अन् घरी जाऊन झोपे. दुसऱ्याचं ओझं वाहाचा तं आमचा पिढीजात धंदाच हाय. सांगा, कोठं सही करू?"

त्यानं सही केली. पुढच्याच आठवड्यात तुम्ही तांड्यातल्या एका पोराला विहिरीवरच्या इंजिनाच्या कर्जासाठी जामीन राहिलात, कोणी सांगितलं नसताना. जिनिंगवाल्या शेठनं कोर्टातल्या बार-रूममध्ये येऊन विचारलं, हे काय होऊन राह्यलं वकीलसाहेब? तुम्ही म्हणालात, "सल्ला बदलला." मी शिकले, परत आले, कर्ज फेडलं, आणि दवाखान्याचं उद्घाटन याडीची दाढ काढून केलं. केवढी ओरडली ती!

हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुम्ही पहिल्यांदा विचारलं होतं, "जायचं ना?" मी हो म्हणाले ते तुमचा फुललेला चेहरा पाहून. मला जायचं नव्हतं. बोटीची भीती, गोऱ्या लोकांची भीती, आईशिवाय झोपायची भीती. प्रत्येक नकाराला तुमच्यासाठी जीव तुटायचा आणि स्वतःसाठी हुश्श वाटायचं. तांड्यावरून परतताना दमणीत तुम्हाला सांगायचं असं मी पक्कं ठरवलं होतं. सारा रस्ता तुम्ही गुणगुणत होते आणि मी एक अक्षर बोलले नाही. आता विचाराल, काहून नाही बोललीस? तुमचा इतका अभिमान वाटत होता बाबा, की भ्यायची लाज वाटली.