अर्जाचा निकाल लागेपर्यंत

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहितोय. काल परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. वाटलं, स्कॉलरशिपचं काही असेल. चक्क इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "तुझा व्हिसा आता चालू नाही."

जानेवारीत मला कावीळ झाली होती. झेपेना, म्हणून एक विषय परस्पर सोडला. त्याला आधी या बाईंची परवानगी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं. ऑफिसातून खोलीवर कसा आलो, आठवत नाही.

व्हिसा पुन्हा चालू व्हावा म्हणून अर्ज करता येतो. पण निकालाआधी देश सोडला तर अर्ज रद्द. बाबांना सांगू नकोस.

लोभ या पत्रानंतरही उरला तर ठेव.

तुझा बारक्या

१५ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. दिवसभर लॅबमध्ये मी लोकांची कावीळ तपासते, आणि सख्ख्या भावाची मला पत्रातून कळते. भेट, मग बघते तुझ्याकडे.

अर्जात सारवासारव करू नकोस. आजारी होतो, नियम माहीत नव्हता, चूक झाली, एवढं सरळ लिही. डॉक्टरांचा कागद जोड. आणि काही झालं तरी तिथून हलू नकोस.

बाबांचा घसा बसलाय, फोनवर येणार नाहीत. जेवत जा. जीव तुझ्यात अडकलाय, एवढं असू दे ध्यानात.

तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

अर्ज मंजूर झाला. मला खरंच वाटेना. बाईंकडूनच पुन्हा वाचून घेतलं. आता प्रवासालाही मोकळीक आहे. बाबांना तूच सगळं सांग, आणि त्यांना फोनवर आण. इतके महिने घसा बसतो का कुणाचा?

आहे तशीच माया असू दे.

बारक्या

११ ऑगस्ट

चि. बारक्यास आशीर्वाद.

नाही बसत. तुझं मार्चमधलं पत्र आलं त्याच आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कळवलं असतं तर तू मिळेल त्या विमानाने निघाला असतास. म्हणून त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, कळवू का त्याला? डावा हात हलवून नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही.

काल मंजुरीचं सांगितलं. बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले. मग एक शब्द फुटला, आजारपणातला पहिला. "ये."

लोभ असेल तर ठेव, राग असेल तर इथे येऊन काढ.

तुझी ताई