तिच्या मुठीतलं चामडं

५ मार्च १९६१
पोचले एकदाची! दरीच्या काठावर आमचे तंबू आणि खाली दूरवर मृत समुद्र, घासलेल्या पितळी ताटासारखा. स्वयंपाक सांभाळणाऱ्या मझालने आल्या आल्या माझे दंड चाचपले. म्हणाली, "तिरसा, हे काय दोरावर लोंबकळणारे हात? पीठ मळायला ये माझ्याकडे!" मग मसुराचं कालवण आणि गरम पाव पुढे ठेवला. उत्खनन मोहिमेचा प्रमुख अम्राम. जुनी हिब्रू अक्षरं वाचता येतात म्हणून त्याने मला घेतलं. येणारच! तिबिर्या गावी बाबा जन्मभर तोरा, आमचा धर्मग्रंथ, हाताने लिहून काढत आलेत, त्यांच्या लेखण्या मीच तासते. लिहायची परवानगी मात्र मुलींना नाही.

७ मार्च
आज दोरशिडीने कड्यातल्या गुहेत उतरले. वर शिडी धरून यह्याकाका, येमेनहून आलेले, पांढऱ्या कल्ल्यांचे. ओरडत होते, "खाली बघू नकोस, बाई, माझ्याकडे बघ. अजून बरा दिसतो मी!" हसत हसतच आत शिरले, तर दिव्यासमोर सांगाडेच सांगाडे. अठराशे वर्षांपूर्वी रोमन सैन्याला भिऊन इथे लपलेली आमचीच ज्यू माणसं. बाया, पोरंसुद्धा. वर वेढा, खाली कडा. पाण्यावाचून गेली सगळी. काकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना म्हटली.

८ मार्च
आतल्या कोपऱ्यात चटईवर एक बाई. कोरड्या हवेत कातडी अजून हाडांना धरून आहे. मुठीत चामड्याची बारीक गुंडाळी. कडेची ओळ दिवा धरून वाचली. प्रार्थनाच, पण अक्षर अडखळतं, न शिकवलेल्या हाताचं. हिनेच लिहिली असेल? बाबांना दाखवायला हवं! बाकीचे बाहेरच्या दालनात होते. मूठ उघडेना. जोर लावला. बोटं काटक्यांसारखी मोडली.
गुंडाळी सदऱ्यात लपवली. बाबांना एकदा दाखवून अम्रामला देईन, अशी मनाची समजूत घातली. लिहितानाही कान तापताहेत.

९ मार्च
अम्रामने मोडलेली बोटं पाहिली; मुठीतलं काहीतरी चोरलंय, हे ओळखलं. काल शेवटी टोपल्या काढायला यह्याकाका उतरले होते, म्हणून संशय त्यांच्यावर. सगळ्यांसमोर त्यांची पिशवी पालथी केली. प्रार्थनेची शाल, सुके अंजीर, बस. तरी अम्रामने त्यांना कामावरून काढून ट्रकवर बसवलं. ट्रकवरून त्यांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाणी पीत जा, बाई. ओठ फुटलेत तुझे."
मी तोंड उघडलं नाही. ट्रक दिसेनासा झाला तरी नाही.

१० मार्च
तहान. घागर तोंडाला लावली तरी घसा कोरडाच. मझाल म्हणते, तुझ्यापेक्षा उंट परवडला.
गुंडाळी परत ठेवून येऊ म्हणून दुपारी बाहेर काढली. हातात घेतली आणि मूठ मिटली. उघडत नाही. मझालला सांगितलं, वांब आलाय. आणखी एक खोटं. हे डाव्या हाताने लिहितेय.

११ मार्च
शब्बाथ, आमचा विसाव्याचा शनिवार. सगळे गात होते. मी हात टेबलाखाली धरून बसले. मनगटापर्यंत कातडी तपकिरी, ताणलेली — गुहेतल्या बाईसारखी. यह्याकाकांची जागा रिकामी. तिकडे बघवलं नाही.

१२ मार्च, सकाळ
मझालने कोमट तेल चोळलं. विचारलं, काय धरलंयस आत? मी मान फिरवली. तिने हळूच करंगळी उचलली —
तोच काटकी मोडल्याचा आवाज.
करंगळी तिच्या हातात राहिली. रक्त नाही. दुखलंही नाही.
किंचाळत धावलीय ती, अम्रामला बोलवायला. येऊ दे. सांगते सगळं —
जीभ टाळूला चिकटलीय. हलत नाही. डावा हातही आखडतोय. लवकर —
यह्याकाकांनी काही घेतलं नाही. त्यांना परत आणा. माफी मागा, माझ्या वतीनेही — मला तोंड नाही —
मूठ फोडा. गुहेतल्या बाईचं तिला द्या.
बोटं मोडली मी. काकांना हाकलताना बघत राहिले मी. चोर मी. माझं नाव ति—