सहा खाटांची खोली

मंगळवार, दुपार

पुढचं विमान चुकलं, पण मी काही हातपाय गाळणाऱ्यातली नाही. लेकीचं बाळंतपण शुक्रवारी आहे. उद्या सकाळच्या विमानात बसवणार आहेत, म्हणजे वेळेत पोचते. काउंटरवरची बाई म्हणाली, ट्रान्झिट व्हिसा नसताना विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाता येणार नाही. मग एका हसऱ्या अधिकाऱ्याने पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा नसलेल्यांच्या खोलीत आणून सोडलं. स्वच्छ खोली, एक बेसिन, सहा लोखंडी खाटा. जरा डुगडुगतात, पण फुकटात आणखी काय हवं! माणसं सहा, मी सातवी. परवाना सहांचाच आहे, पण सकाळच्या मोजणीपर्यंत जागा होईल म्हणाला.

कपड्यांच्या मापांच्या वहीत हे लिहितेय. ह्यांना फोन केला. हे उद्या याच मार्गाने निघायचे, पण ट्रान्झिट व्हिसा काढूनच येतो म्हणून अडून बसले होते. जगाला भितात, आवाज चढतो तो फक्त माझ्यावर. सांगून टाकलं, बिनधास्त निघा, व्हिसाच्या नादी लागू नका, इथे खोली देतात. मग फोनही अधिकाऱ्याकडे जमा केला.

बुधवार, सकाळ

मोजणी झाली. सहा.

मी कोपऱ्यात पिशवी उशाला घेऊन झोपले होते. झोपेत धप् धप् ऐकू आलं, ओली चादर बडवावी तसं. काल मला बिस्किटं देणारा औषधविक्रेता सकाळी नव्हता. त्याच्या खाटेचा एक पाय निखळून पडलेला, त्याला केस चिकटलेले. बेसिन लाल. सफाईवाल्यांनी काहीतरी गुंडाळून नेलं. अधिकाऱ्याने सहा पासपोर्ट मोजले, सातवा फाडला आणि सही केली.

इथे सगळ्यात जुने एक मास्तर आहेत. ते म्हणाले, पाहुण्या म्हणून तुमच्यासाठी आम्ही केलं. यापुढे नवा माणूस आला की त्याच्या लगेच आधी आलेल्याने जागा करायची. नाही केली, तर त्याचीच जागा होते.

मी दार बडवलं. अधिकारी हसून म्हणाला, विमान उद्यावर गेलंय. फोन मागितला, देत नाही. हे निघाले असतील. मीच सांगितलं, मीच—

बुधवार, संध्याकाळ

दार उघडलं. हे.

मला बघून लहान मुलासारखे हसले. म्हणाले, तू सांगितलंस म्हणून व्हिसा न काढताच आलो.

सात. मास्तरांनी तो लोखंडी पाय माझ्या मांडीवर आणून ठेवला.

गुरुवार, सकाळ

सहा.

दाराजवळची आजारी बाई. पाठ करून झोपली होती. तीन घाव लागले. दुसऱ्यानंतर तिने वळून बघितलं, तिसरा डोळ्यावर— ह्यांनी सगळं पाहिलं. तुमच्यासाठी केलं म्हटलं, तर भिंतीकडे सरकले. मी हात धुतेय, परत धुतेय.

विमान उद्यावर.

गुरुवार, दुपार

दाराशी पावलं. अधिकाऱ्याचं हसणं. पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी—

सात.

आता पाळी ह्यांची. मास्तरांनी पाय ह्यांच्या हातात दिला. बाकीच्यांनी आपापल्या खाटांचे पाय उपसून घेतलेत. मुलीनेही एक उचललाय. ह्यांनी एकेकाकडे बघितलं. घाबरून मान खाली. मग माझ्याकडे.

वही ठेव म्हणतात. आवाज चढलाय.

उद्या शुक्रवार. लेक वाट—