दवातला कापूस

४ नोव्हेंबर, मंगळवार
आज दुपारी पावणेचारला माझं आयुष्य बदललं. गोठ्यामागच्या बाजेवर, पान ४१. वेळ मुद्दाम लिहून ठेवतो.

पुस्तक विहारातल्या वाचनालयाचं. खरं म्हणजे पुस्तकासाठी गेलोच नव्हतो. तिथं संध्याकाळी वै. बसते. वैशाली. (लिहिलं एकदाचं पूर्ण नाव. इथून पुढं वै.च.) दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात. आता ती मुक्त विद्यापीठातून बीए करते, दिवसा तिच्या आईसोबत कापूस वेचायला, संध्याकाळी वाचनालयाच्या टेबलावर. अन् मी, यवतमाळला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलेला हिरो.

"कोणतं देऊ?" म्हणे. हाताला लागलं ते उचललं. थोड्या वेळात जास्त काम कसं करावं, असलं काहीतरी. म्हटलं, परत करायला तरी जाता येईल.

अन् पान ४१! दिवस आपल्याला मिळत नसतो म्हणे, आपण तो बांधायचा असतो, विटेवर वीट, अन् पहिली वीट पहाटेची. बापरे. एकवीस वर्षं मी दिवस मिळायची वाट पाहत बसलो होतो.

५ नोव्हेंबर
पाचला उठलो. आईने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

७ नोव्हेंबर
पुस्तक संपलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डोकं गरम तव्यासारखं झालंय. जिकडे पाहतो तिकडे वाया चाललेला वेळ दिसतो. ओसरीत दिसतो, पानठेल्यावर दिसतो, अन् सगळ्यात जास्त आमच्या वावरात दिसतो. बाया नऊ-साडेनऊला येणार, बांधावर बसून चहा पिणार, मग पदराची ओटी बांधणार. उजाडतं साडेसहाला. तीन तास!

बाबांना सांगितलं. ते पेपरातून वर न बघता, "तूच पाह्य मंग यंदाची वेचणी. बघू कॉलेज सोडून काय शिकला."

वै. पण त्याच बायांच्या टोळीत येते. तिला दिसेल, मी काय करू शकतो ते.

८ नोव्हेंबर
सुमनमावशीकडे गेलो. मावशी म्हणजे वै.ची आई, टोळीतल्या बारा बाया तीच गोळा करते. म्हटलं, उद्यापासून साडेसहाला.

"बापू, दव असते नं."

म्हटलं, मावशी, जग कुठल्या कुठं गेलं, तुम्ही दवावर अडल्या.

"जग गेलं असंन. कापूस तं झाडावरच हाय." बाया हसल्या. वै. पण हसली. कान तापले माझे. "मले नका शिकवू. यायचं असंन तं या, नाही तं दुसरी टोळी पाहतो," असं बोलून आलो.

आल्यावर वाटलं, जरा जास्त झालं. पण पुस्तकात आहे, सुरुवातीला विरोध होतोच.

९ नोव्हेंबर
आल्या! धुक्यात बारा बाया एका ओळीनं. अंगावर काटा आला. एका पुस्तकानं बारा माणसं तीन तास आधी उठतात.

मावशीनं एका बोंडाला उलटा हात लावला, तोच हात गालाला लावला. वेचू लागली. साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या.

११ नोव्हेंबर
तीन दिवसांत पाच दिवसांचा कापूस घरात. खोली छतापर्यंत भरली. बाबा दारात उभे राहून, ढिगाला हात लावून पाहत होते. "हं" म्हणाले. बाबांचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या बापाचं भाषण.

वै.शी बोलणं नाही. दुपारी शिदोरी सोडली तेव्हा तिची बोटं पाहिली. पांढरी, सुरकुतलेली, भांडी घासल्यावर होतात तशी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लिहवत नाही. तरी लिहितो.

कापूस विकायला पांढरकवड्याला जिनिंगवर गेलो. ग्रेडरनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला अन् चटका बसल्यासारखा बाहेर काढला. "गरम हाय." आतून मूठभर काढला, पिवळा, आंबूस वास. "पाणी मारलं का बे यावर?" सगळ्यांसमोर. गाडी परत.

रस्ताभर तेच कानात. पाणी मारलं का. वजन वाढावं म्हणून काही जण मारतात, सगळ्यांना माहीत आहे. वेचाईचे पैसे किलोवर. मग मीच मनात हिशेब जुळवला.

गाडी तशीच वावरात घातली. बाया वेचत होत्या. ओरडलो, "कोणी मारलं पाणी? सांगा! वजनासाठी मारलं नं? चोर कुठल्या!"

मावशीनं ओटी सोडली, होता तेवढा कापूस बांधावर ओतला, पदर झटकला, चालू लागली. तिच्यामागं अकरा. वै. शेवटची. माझ्याजवळून जाताना थांबली. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर
टोळी आली नाही. अख्खं वावर पांढरं. बाबा म्हणे, दोन दिवस थांब, येतात झक मारून.

खोलीतला ढीग उपसला. भिंतीकडचा जास्त गरम. पाणी मारलेला कापूस वरून ओला असतो. हा सगळा सारखाच ओला होता, बोंडागणिक.

मावशीनं सांगितलं होतं. मी...

१६ नोव्हेंबर, रविवार
विहारात गेलो. पुस्तक टेबलावर ठेवलं. वै.नं रजिस्टरात तारीख टाकली. दहावीपासून मला "अक्ष्या, तू" म्हणणारी पोरगी म्हणाली, "आणखी काही पाहिजे का तुम्हाला?"

तुम्हाला.

म्हटलं, वै., माझं चुकलं.

"मले एकटीले कायले सांगून राह्यले? म्हटलं तं सगळ्यायले. मी पाणी मारलं नव्हतं. अन् माह्या आईनं सव्वीस वर्षांत कोणाच्या कापसाला मारलं नाही." मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. "हे न्या. यात तुमच्यासारख्यांचं लिहिलं हाय."

१८ नोव्हेंबर
हे पुस्तक वेगळंच. कामाचा इतिहास. माणूस काम कधीपासून करतो, कोणाच्या कामाला काम म्हणतात, कोणाच्या नाही. हळू वाचतो. एका पानावर अर्धा तास अडकलो. त्यात आहे, आधी घड्याळ कामाच्या मागं चालायचं, म्हणजे काम सांगायचं आता वेळ झाली. ढोरांना चारा हवा तेव्हा सकाळ, पीक वाळलं तेव्हा मळणी. मग कारखान्यात भोंगा आला अन् काम घड्याळाच्या मागं चालू लागलं. अन् मग जे भोंग्यावर येत नाहीत ते आळशी ठरले.

पुस्तक छातीवर ठेवून पडून राहिलो. ज्यानं लिहिलं त्यानं आमचं वावर पाहिलेलं नाही. तरी त्याला मी माहीत आहे. असं कसं असू शकतं? माणूस कुठं बसून लिहितो अन् कोण कुठं बाजेवर उघडा पडतो.

मावशी बोंडाला उलटा हात लावते अन् गालाला लावते. ते तिचं घड्याळ. मी पाहिलं होतं ते. दिसलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
दहाला एकटाच वेचायला गेलो. फक्त दोन तास, कळावं म्हणून. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात, रक्त येतं, कापसाला लागलं की तो कापूस बाजूला काढा. माझ्या ओटीत कापूस कमी, पालापाचोळा जास्त.

मग शेजारच्या वावरात पाहत उभा राहिलो. मावशीची टोळी तिकडे लागली आता. दोन हात दोन वेगळ्या झाडांवर, डोळे तिसऱ्यावर, तोंडानं सुनेची तक्रार चालू. एक पान कापसात येत नाही. मी इंजिनिअरिंगला मशीनची ड्रॉइंग काढली आहेत. असं काही काढता येणार नाही मला.

एक बाई ओरडली, "काय पाह्यतो रे बापू, वेळ वाया चालला नं तुहा!" सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही.

२० नोव्हेंबर
बाबांना सांगितलं, पाणी कोणी मारलं नव्हतं, दव होतं, अन् ते माझ्यामुळं.

"मले माहीत हाय."

कधीपासून? म्हणे, ज्या दिवशी खोली भरली त्या दिवशी. हात लावला तेव्हाच. मग बोलले काहून नाही?

"तुले शिकाचं होतं नं."

अन् मी बायांना चोर म्हटलं तेव्हा? बाबांनी पेपर उघडला.

आयुष्यात पहिल्यांदा राग आला अन् हातातलं काही फेकलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
घाटंजीचा बाजार आटोपून बाया चारच्या सुमारास परत येतात, विहाराच्या पायऱ्यांवर पिशव्या ठेवून बसतात. बाराच्या बारा. वस्तीतले बाकीचेही असतात. तिथंच माफी मागायची. एकट्या मावशीला घरी गाठून नाही. चोर म्हटलं होतं सगळ्यांसमोर.

आई म्हणे चिठ्ठी पाठव. बाबा ओसरीतून, "मालकाच्या पोरानं पायऱ्यांवर उभं राहून माफी मांगली असं कधी आयकलं का गावात? उद्यापासून कोणी तुह्यं आयकन का? अन् कोणासाठी चालला ते काय मले समजत नाही का?"

अर्धं खरं आहे. वै. तिथं असेल. ती मला पुन्हा "तू" म्हणेल का, हे डोक्यात नाही असं लिहिलं तर या वहीशी खोटं बोललो. पण तिच्याकडे पाहायचं नाही आज. पाहिलं तर मी तिच्यासाठीच बोलेन, अन् मावशीला ते लगेच कळेल.

काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. पुस्तकातलं एकही वाक्य घ्यायचं नाही, एवढं ठरलंय. मी चोर म्हटलं. तुम्ही नव्हत्या. चूक माझी. यापुढं काही सुचत नाही.

मावशी उठून निघून गेली तर?

बाबा म्हणताहेत, घरीच बस म्हटलं नं तुले.

चार वाजायला आले. चपला घातल्या. वही उशाखाली सारतो. निघालो, दार ओढून घेतो.