घराकडे तोंड केलेली होडी

बाबा, आज मी एका टेम्पोला डोळे काढले. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग टेम्पोभोवती एक चक्कर मारून रंग कुठे ओघळलाय ते बोटाने दाखवलं असतं. ओघळलाय, डाव्या डोळ्याखाली, नखाएवढा. मी तो तसाच ठेवलाय.

तुम्ही चाकण पाहिलं नाही. इथे गाड्यांच्या एका कंपनीत मी रंगाच्या विभागात आहे. रंग यंत्रं देतात. रंगून आलेली गाडी पांढऱ्या दिव्यांच्या बोगद्यातून सरकत माझ्यापुढे येते आणि मी हातमोजा घालून तिच्या अंगावरून तळवा फिरवते, रंगात कुठे धुळीचा कण अडकलाय का ते बघत. पूर्ण शिफ्ट हेच काम. दुपारनंतर त्या दिव्यांत असं होतं, की डोळे उघडे असतात आणि मी तिथे नसते. पंख्यांची घरघर लांबच्या लाटांसारखी वाटायला लागते, आणि एखादी निळी गाडी आली की हाताखाली पत्रा नसतो, लाकूड असतं. घरी सवडीने बसून तुम्हाला आठवायचं म्हटलं तर चेहराही धड आठवत नाही. कामावर मात्र तुम्ही न बोलावता येता.

मग मी अकरा वर्षांची असते. पावसाळ्यात वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या माडाच्या झापांखाली झोपल्यासारख्या पडलेल्या, सगळ्यांची तोंडं घरांकडे. एरवी तुम्ही त्यांच्यावरचे खलाशी, पण नारळी पुनवेच्या आधीचे पंधरा दिवस त्या रंगवायला तुमच्या ताब्यात असतात आणि ज्यांच्या हाताखाली तुम्ही वर्षभर राबता ते मालक तुम्हाला चहा आणून देतात. बायका फाटलेली जाळी तुणता तुणता फर्माइशी करतात. कुणाला कमळ हवं असतं, कुणाला जोडीने दोन पापलेटं. एका म्हातारीला मोर हवा असतो, आणि तुम्ही तिला बजावता की मोर काढतो, पण पाण्यात भिजला तर माझ्याकडे येऊ नकोस. मी रंग ढवळत हे सगळं ऐकते. केरोसीन, ओलं लाकूड आणि सुकत घातलेले बांगडे यांचा मिळून एक वास असतो, तो अजून मला एखाद्या बंद डब्याचं झाकण काढताना येतो, खोटाच.

डोळे मात्र सगळ्यांत शेवटी. होडी ओंडक्यांवरून फिरवायची, तिचं तोंड पाण्याकडे करायचं आणि मगच पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी डोळे काढायचे. घराकडे बघत डोळे उघडले तर होडीचा जीव घरातच अडकतो, ती खोल पाण्यात जायला बघत नाही आणि जाळं रिकामं येतं, असं सगळा गाव मानायचा. तुम्ही हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ब्रश हातात देण्याआधी.

त्याच वर्षी, होड्या वर घ्यायच्या आधी, तुम्ही वाऱ्यात सापडला होतात. तीन दिवस तुमचा पत्ता नव्हता. आयेने चूल पेटवली नाही आणि शेजारणी येऊन नुसत्या बसून राहिल्या. चौथ्या दिवशी तुम्ही आलात, जेवलात, झोपलात, आणि त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. नव्या हंगामात तुम्ही ज्या मोठ्या होडीवर जाणार होतात ती रंगवून झाली होती. तुम्ही जेवायला घरी गेलात तेवढ्यात मी तिला डोळे काढले. दोन्ही. तिचं तोंड घराकडे असताना.

तुम्ही परत आलात तोवर माणसं गोळा झाली होती. मालकाच्या बायकोने पदर तोंडाला लावला होता. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "इसारलंस?"

"होय," मी म्हटलं.

तुम्ही केरोसीनचा बोळा माझ्या हातात दिलात. "पूस." मी पुसत राहिले, सगळ्यांसमोर. नंतर घरी जाताना तुम्ही म्हणालात, "हात बरो आसा गो तुझो. पण ध्यान नाय." आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी रंग तुम्ही स्वतःच ढवळलात, मला हाक मारली नाहीत. मी दारात उभी राहून बघत होते. मला फार लागलं ते. अजून लागतं. ज्या बाईचं ध्यान नाही असं तुम्ही म्हणालात, तिला ही कंपनी ध्यानाचाच पगार देते.

तुम्ही शेवटी समुद्रात नाही, घरात, खाटेवर गेलात. आयेने सुक्या मासळीच्या पिशवीतून तुमचा ब्रश पाठवला. तो मी कधी ओला केला नाही. गेल्या आठवड्यात आमच्या घरमालकीणबाईंनी विचारलं. पूर्वीच्या शेतकरी, आता त्यांचा मुलगा कंपन्यांना माल पोचवतो, त्यासाठी त्याने टेम्पो घेतला. "तू रंगाच्या कामावर हायेस न्हवं? मंग काढ की ह्याच्यावर काय तरी. लय गर्दीचा रस्ता हाय, जीव टांगणीला लागतो माझा."

आज सुट्टी होती. टेम्पो अंगणात उभा होता, तोंड घराकडे. ब्रश बुडवला आणि हात थांबला. म्हटलं, "काकू, आधी जरा रस्त्याकडं वळवून घ्यायला सांगता का?"

"कशापायी?" त्या म्हणाल्या. "घराकडं बघतोय ते बरं हाय की. जाऊ दे कुठंबी, माघारी इथंच यायचंय."

मला एकदम रडू आलं. त्यांना वाटलं रंग डोळ्यात गेला, त्यांनी पाणी आणून दिलं.

ब्रश धुऊन खिडकीत ठेवलाय. वाळला की ह्याच कागदात गुंडाळून पुन्हा ट्रंकेत ठेवीन, हे पत्र दुसरीकडे कुठे पाठवणार. पण तुम्ही मला बेध्यान समजूनच गेलात, म्हणून एक सांगते. मी विसरले नव्हते, बाबा. होडी सुटण्याआधी कुणी बुडायचं नाव काढत नाही, हेही तुम्हीच शिकवलं होतंत, मग भीती वाटते असं सगळ्यांसमोर कसं सांगणार होते? विसरले म्हणणं सोपं होतं. मला ती होडी घराकडे बघणारीच हवी होती. जाळं रिकामं आलं असतं तरी चाललं असतं.