रंजिताच्या नावापुढचा दिवा

मोहाडी, ९ जून २०२५

रंजिताचं खातं तू काहून बंद केलंस? मेलेल्या पोरीच्या तोंडाले कुलूप लावायले तुले कोणी सांगितलं?

चि. राजकुमार यास आजीचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू हो हो करून ठेवून देतोस, म्हणून हाताने लिहून राहिले. चौथीचं अक्षर आहे, सांभाळून घे.

घरच्या मागावर हौसेनं विणणाऱ्या बायांसाठी तुझ्या बहिणीनं तो ऑनलाइन फोरम उघडला. ती गेल्यावर तू त्याचा रंग बदलला, बायांच्या नावापुढे 'नवखी', 'जाणती' अशा पट्ट्या लावल्या. लाव बापा. पण रंजिताच्या नावापुढे दिव्याचं चित्र लावून 'स्मृतिशेष' लिहिलं, अन आता तिच्या नावानं उत्तर जात नाही. संक्रांतीपासून शेजारची रेणू प्रश्न वाचते, मी सांगते, ती रंजिताच्या मोबाईलवर लिहिते. एवढा हुशार तू, तुले कळलं नाही? कुलूप काढ.

तुझी आजी राधाबाई

जवाहरनगर, १५ जून २०२५

ती. आजीस सा. न.

तू असशील असं मनातही आलं नाही. गेल्या महिन्यात फॅक्टरीच्या बसमध्ये फोरम उघडला, तर रंजिताचं नाव, हिरवा ठिपका, अन खाली लिहिलेलं: 'धागा तुटला म्हणून रडू नका, बोटाले राख लावा अन सांधा.' बोलणं तिचंच. बस रिकामी झाली तरी मी उतरलो नाही. मग वाटलं, कोणी चोर आहे. म्हणून खातं बंद केलं.

तुझ्या नावानं वेगळं पान करून देतो. तिची जुनी उत्तरं काढून टाकू का? माझ्यानं वाचवत नाहीत.

तुझा राजकुमार

मोहाडी, २२ जून २०२५

चि. राजकुमारास आशीर्वाद.

काढून कायले टाकतोस? कोष्ट्याचा पोरगा ना तू? ताणा, म्हणजे उभे धागे, संपला तरी मागावरची जुनी टोकं कोणी कापून फेकत नाही. त्यांनाच नवा ताणा सांधतात, एकेक धागा. तिची उत्तरं राहू दे. त्याच पानावर खाली माझी येतील, माझ्या नावानं. दिवाही राहू दे. कोणी 'रंजिताताई, जमलं बरं' लिहिलं की त्या दिवशी मले दोन घास जास्त जात, खोटं कायले बोलू. पण होती ती चोरीच.

तेरवीनंतर तू इकडे फिरकला नाहीस. जवाहरनगर काय काशीपलीकडे आहे? माया पातळ होऊ देऊ नको.

राधाबाई

ता. क. दिवा पाहून शहापूरच्या रिताबाईनं फोरमवर विचारलं, ताई कशानं गेल्या. डेंग्यूचा ताप होता. भंडाऱ्याले दवाखान्यात उद्या नेऊ असं तू म्हणालास, अन मीही उद्याच म्हटलं. दोघांचंही लिही. रेणूले मी या प्रश्नाले हात लावू दिला नाही. याचं उत्तर तूच द्यायचं.